पुळणीवरची नोंदवही : रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील लोकविज्ञानाची कथा

#थ्रेड #इतिहास #कोकण

१/२२
२७ जानेवारी २०२५. गुहागरच्या पुळणीवर एक मादी कासव अंडी घालण्यासाठी वर आली. तिच्या वल्ह्यासारख्या पुढच्या पायाला धातूची एक लहानशी पट्टी अडकवलेली होती आणि त्या पट्टीवर क्रमांक कोरलेला होता : ०३२३३. किनाऱ्यावर देखरेख करणाऱ्यांनी तो क्रमांक टिपून घेतला. एवढ्याशा कृतीमुळे भारतातील सागरी कासवांविषयीचा एक जुना समज तपासून पाहण्याची वेळ आली. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्याला ही टिपून ठेवण्याची सवय कशी लागली, त्याची ही कथा. तिची सुरुवात मात्र कासवापासून होत नाही. ती होते सापापासून, सुमारे १६० वर्षांपूर्वी.

२/२२
१८६२ चा डिसेंबर. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशाच्या दंशाने माणसे दगावत होती. कातळसड्यावर, गवतात, दगडांच्या खाली दडणारा हा लहान साप शेतकऱ्याला आणि गुराख्याला रोजचाच. सरकारने मारलेल्या सापामागे बक्षीस जाहीर केले आणि अवघ्या आठ दिवसांत एक लाखाहून अधिक फुरशी मारून जमा करण्यात आली. एका जिल्ह्यातील सामान्य माणसांनी एका आठवड्यात केलेले हे केवढे मोठे सामूहिक काम! फुरसे कोठे सापडते, कोणता दगड उलटावा, कोणत्या वेळी उलटावा, हे त्या सर्वांना ठाऊक होते. परंतु सरकारने त्यांना त्यातले काही विचारले नाही. कचेरीला फक्त मेलेला साप मोजायचा होता.

३/२२
त्यानंतर जेमतेम दोन दशकांनी, १८८० मध्ये, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी आणि सावंतवाडीवरील दहावा खंड प्रसिद्ध झाला. त्यात मोठा वाटा होता जी. डब्ल्यू. व्हिडाल या मुलकी अधिकाऱ्याचा. व्हिडालला पक्ष्यांचा नाद होता. त्याच वर्षी त्याने दक्षिण कोकणातील पक्ष्यांची यादी ॲलन ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापली. हे ह्यूम म्हणजे पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारेच. देशभर विखुरलेले अधिकारी, डॉक्टर, मळेवाले त्यांना आपापल्या भागातील पक्ष्यांच्या नोंदी पाठवीत. पगारी शास्त्रज्ञ नसलेल्या माणसांनी नोंदी करायच्या आणि त्या एकत्र करून ज्ञान उभे करायचे, ही पद्धत तेव्हाच भारतात रुजू लागली होती.

४/२२
या पद्धतीत एक उणीव होती. साहेबाला घरटे दाखवणारा, झाडावर चढून अंडी काढून आणणारा, पक्ष्याचे स्थानिक नाव सांगणारा गावकरी छापील पानावर क्वचितच नावानिशी येई. पाहणारा डोळा गावाचा आणि लिहिणारा हात कचेरीचा, अशी ही वाटणी होती. व्हिडालच्या यादीत रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील समुद्रगरुडाचाही समावेश होता. समुद्राकाठच्या उंच झाडांवर मोठमोठी घरटी बांधणारा हा पक्षी. त्याचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. सव्वाशे वर्षांनंतर याच पक्ष्याचा शोध घेत काही माणसे एका पुळणीवर पोहोचणार आहेत आणि पाहणारा डोळा व लिहिणारा हात तेथे प्रथमच एका ठिकाणी येणार आहेत.

५/२२
जगातही साधारण याच काळात एक वळण येत होते. अमेरिकेत नाताळच्या दिवसांत बंदुका घेऊन बाहेर पडायचे आणि कोणत्या गटाने अधिक प्राणी-पक्षी मारले याची स्पर्धा लावायची, असा प्रघात होता. १९०० मध्ये फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञाने एक साधा बदल सुचवला : पक्षी मारू नयेत, मोजावेत. पहिल्या वर्षी २५ ठिकाणी मिळून अवघे २७ निरीक्षक बाहेर पडले. ती गणना आजतागायत दरवर्षी सुरू आहे. आज ज्याला नागरिक विज्ञान किंवा लोकविज्ञान म्हणतात, त्याच्या इतिहासातील हा एक ठळक टप्पा. माणसांचा उत्साह तोच राहिला, त्यांच्यापुढे ठेवलेला प्रश्न तेवढा बदलला. रत्नागिरीत तो प्रश्न बदलायला आणखी एक शतक लागले.

६/२२
कोकणी माणसाला कासव अपरिचित कधीच नव्हते. विष्णूचा दुसरा अवतार कूर्म. गावोगावच्या देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते आणि देवाच्या आधी त्याला हात लावून नमस्कार केला जातो. त्याच वेळी समुद्रावर येणाऱ्या कासवाची अंडी उकरून खाणे वा विकणे हेही किनाऱ्यावर चालत असे. या दोन गोष्टींत कोणाला विसंगती वाटत नव्हती. देवळातले कासव देवाचे आणि पुळणीवरचे अंडे ज्याला सापडले त्याचे, असा तो व्यवहार होता. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये आला आणि त्याच्या पहिल्या अनुसूचीत सागरी कासवांना स्थान मिळाले. पण कायद्याचे कलम रात्री दोन वाजता पुळणीवर हजर राहत नाही.

७/२२
भारतात कासवांसाठी रात्री जागण्याची सुरुवात झाली ती पूर्व किनाऱ्यावर. १९७० च्या दशकाच्या आरंभी मद्रासच्या सर्पोद्यानाशी निगडित तरुणांनी समुद्रकाठी रात्रीची पायपीट सुरू केली. १९७४ मध्ये ओडिशातील गहिरमाथ्याच्या प्रचंड वीणस्थळाची माहिती शास्त्रीय जगाला झाली. तेथे हजारो माद्या थोड्याच दिवसांच्या अवधीत एकाच वेळी किनाऱ्यावर येतात. १९८८ मध्ये मद्रासच्या विद्यार्थ्यांनी आपली स्वतंत्र कासव संवर्धन संघटना उभी केली. अर्थात भारतातील कासव म्हटले की डोळ्यांसमोर ओडिशा येऊ लागला. महाराष्ट्राच्या ७२० किलोमीटर लांबीच्या किनाऱ्यावर कासवे एकेकटी, विखुरलेली आणि अंधारात येत. त्यांचा गाजावाजा होण्यासारखे काही नव्हते आणि त्यांची सलग नोंद ठेवणारेही कोणी नव्हते.

८/२२
१९९२ मध्ये चिपळूण येथे ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था स्थापन झाली. विश्वास ऊर्फ भाऊ काटदरे हे तिचे प्रमुख कार्यकर्ते. समुद्रगरुडाची घरटी मोजण्याचे काम या संस्थेने हाती घेतले. व्हिडालच्या यादीतला तोच पक्षी! घरटे शोधण्यासाठी किनारा पायी तुडवावा लागे, गावात शिरून विचारपूस करावी लागे. २००२ मध्ये अशाच पाहणीच्या वेळी मंडणगड तालुक्यातील वेळास येथे कार्यकर्त्यांना वाळूत अंड्यांची टरफले दिसली. ती पक्ष्याची नव्हती. मऊ, चामड्यासारखी, चुरगळलेली ती टरफले कासवाच्या अंड्यांची होती. चौकशी केली तेव्हा कळले की येथे कासवे दरवर्षी येतात. गावाला हे पूर्वीपासून ठाऊकच होते.

९/२२
वेळास हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना आणखी एका कारणाने माहीत असते. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचे हे मूळ गाव. सावित्री नदीच्या मुखाशी असलेला बाणकोटचा किल्ला येथून जवळच. तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्धच्या मोहिमेनंतर १७५६ मध्ये बाणकोट इंग्रजांच्या हाती गेले. म्हणजे राजकीय इतिहासाच्या पुस्तकांत या परिसराची नोंद अडीचशे वर्षांपासून आहे. त्याच पुस्तकांत पुळणीवर येणाऱ्या कासवाला जागा नव्हती. सुरूचे बन, त्यापलीकडे लांबच लांब मऊ वाळू आणि रात्री काळोख. मादीला अंडी घालण्यासाठी जे जे लागते ते सर्व येथे होते आणि अंडी उकरायला येणारी माणसे, कुत्री व कोल्हेही होते.

१०/२२
आता संस्थेपुढे दोन मार्ग होते. अंडी काढणाऱ्यांची नावे सरकारदरबारी द्यावीत, हा एक. कायदा त्यांच्या बाजूने होता. परंतु तसे केले असते तर घरटे कोठे आहे हे सांगणारी माणसेच गप्प झाली असती. दुसरा मार्ग असा की ज्यांना अंडी शोधता येतात त्यांनाच ती राखायला सांगावे. संस्थेने हा दुसरा मार्ग धरला. ग्रामस्थांशी बोलणी झाली, स्थानिकांवर किनाऱ्याची जबाबदारी सोपवण्यात आली आणि पुढे गावातूनच ‘कासवमित्र’ उभे राहिले. १८६२ मध्ये ज्या जाणकारीला मेलेल्या सापाच्या भावाने मोजले होते, त्याच प्रकारच्या जाणकारीला २००२ मध्ये वेगळा प्रश्न विचारण्यात आला : घरटे कोठे आहे, आणि ते कसे वाचेल?

११/२२
ही जाणकारी म्हणजे नेमके काय? मादी साधारणपणे रात्री भरतीच्या रेषेच्या वर सरपटत येते. तिच्या जाण्यायेण्याने वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा पट्टा उमटतो. ऑलिव्ह रिडले जातीची मादी पाय आळीपाळीने टाकते, त्यामुळे दोन बाजूंच्या खुणा समोरासमोर येत नाहीत. हिरव्या कासवाच्या येतात. केवळ पावलांवरून जात ओळखता येते. अंडी घालून झाली की मादी खड्डा बुजवते, अंगाच्या भाराने वाळू दाबते आणि आजूबाजूची वाळू विस्कटून जागा लपवते. कधी ती अंडी न घालताच परत फिरते. अशा विस्कटलेल्या वाळूत नेमका खड्डा कोठे आहे, हे हाताला सैल लागणाऱ्या वाळूवरून ओळखणे पुस्तक वाचून जमत नाही.

१२/२२
या जाणकारीला शास्त्राची शिस्त जोडली गेली. पहाटे, ऊन चढण्यापूर्वी, किनारा चालून काढायचा. घरटे सापडले की त्याची खोली मोजायची. अंडी फार वेळ न दवडता, न हलवता-फिरवता उचलायची, कारण गर्भाची वाढ सुरू झाल्यावर अंडे उलटेपालटे झाले तर तो दगावू शकतो. मग जाळीने कुंपण घातलेल्या सुरक्षित जागेत, म्हणजे हॅचरीत, मूळ घरट्याइतकाच खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा खणून ती पुन्हा वाळूत ठेवायची. एका घरट्यात साधारण शंभर ते दीडशे अंडी असतात. सुमारे ४५ ते ६० दिवसांत पिल्ले बाहेर येतात. दिवस भरत आले की खड्ड्यावर टोपली पालथी घालायची आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहायची.

१३/२२
आणि प्रत्येक खड्ड्याची नोंद ठेवायची. घरटे सापडल्याची तारीख, जागा, खोली, अंड्यांची संख्या. नंतर पिल्ले निघाल्याची तारीख, निघालेली पिल्ले, न उबलेली अंडी. या नोंदवहीत अलंकारिक काही नसते. परंतु यातील प्रत्येक रकाना एका प्रश्नाचे उत्तर आहे. तारखांवरून हंगाम कळतो : कोकणात तो साधारणपणे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. दिवसांच्या अंतरावरून वाळूच्या उबेचा अंदाज येतो. न उबलेल्या अंड्यांवरून काही चुकले का, हे तपासता येते. पिढ्यान्पिढ्या तोंडी असलेले ज्ञान कागदावर आले की ते गावाबाहेरच्या माणसालाही पडताळता येते. विज्ञानाला एवढीच अट लागते, आणि ती पाळायला पदवी लागत नाही.

१४/२२
पहिल्या हंगामात सुमारे ५० घरटी राखली गेली आणि अडीच हजारांहून अधिक पिल्ले समुद्रात सोडण्यात आली. एका मादीच्या आयुष्याच्या मानाने हा आकडा छोटाच. हजार पिल्लांमागे एखादेच प्रौढ होते, असा ढोबळ अंदाज सांगितला जातो. खेकडे, पक्षी, मासे, जाळी या सगळ्यांतून ते वाचायचे असते. तरीही गावाच्या दृष्टीने हा आकडा मोठा होता, कारण तो गावाने स्वतः मोजलेला होता. पुढील वर्षांत हे काम वेळासच्या बाहेर पसरले. दापोली तालुक्यातील आंजर्ले आणि कोळथरे, गुहागर, राजापूरकडील माडबन, रायगडातील हरिहरेश्वर आणि दिवेआगर अशा किनाऱ्यांवर नोंदी होऊ लागल्या. वनविभाग आणि २०१२ मध्ये स्थापन झालेला कांदळवन कक्षही या कामात आला.

१५/२२
एक प्रश्न मात्र उरला होता. ज्या माणसाने अंडी विकून मिळणारे चार पैसे सोडले, त्याच्या घरात त्या बदल्यात काय आले? उपदेशावर किती हंगाम निघतील? २००६ पासून वेळास येथे कासव महोत्सव भरू लागला आणि या प्रश्नाचे एक उत्तर सापडले. पुण्या-मुंबईहून लोक येणार, गावातील घरांतच उतरणार, पानात वाढलेले तांदळाची भाकरी, सोलकढी, उकडीचे मोदक खाणार आणि त्याचे पैसे थेट त्या घरात राहणार. ज्या गावात मोठे हॉटेल नव्हते, त्या गावाचे ओटी-पडवीचे घर हेच पाहुण्यांचे मुक्कामस्थान झाले. जिवंत पिल्लाचे मोल अंड्यापेक्षा अधिक ठरू लागले, आणि ते घरोघर समजले.

१६/२२
या महोत्सवाची तऱ्हा इतर उत्सवांहून निराळी आहे. मुहूर्त वाळूच्या आत ठरतो. पाहुणे पहाटे उठून किनाऱ्यावर येतात, दोरीच्या मागे उभे राहतात, टोपली उचलली जाते आणि कधी तिच्याखाली काहीच नसते. मग परत जायचे, संध्याकाळी पुन्हा यायचे. कधी एका वेळी शंभरएक पिल्ले वळवळताना दिसतात. ती समुद्रापासून काही अंतरावर वाळूत सोडली जातात, हातांनी पाण्यात टाकली जात नाहीत. दिव्यांचा झोत पाडायला मनाई असते, कारण पिल्लू उजळ क्षितिजाच्या दिशेने चालते आणि विजेचा दिवा त्याला भुलवतो. शाळकरी मुलगा हे एकदा पाहतो आणि प्रकाशाचा प्राण्यांच्या वर्तनावर काय परिणाम होतो, हा धडा त्याला पुन्हा शिकवावा लागत नाही.

१७/२२
विज्ञान लोकांपर्यंत न्यायचे तर त्याला लोकांच्या उत्सवाची भाषा द्यावी लागते, हे चिपळूणच्या याच संस्थेने पुढे दुसऱ्या एका प्राण्याच्या बाबतीतही ओळखले. खवले मांजर हा चोरट्या शिकारीने जेरीस आलेला, निशाचर आणि लाजाळू प्राणी. २०२० च्या फेब्रुवारीत चिपळूण तालुक्यातील डुगवे गावात ‘खवलोत्सव’ साजरा झाला आणि त्यात खवले मांजराच्या प्रतिकृतीची पालखी निघाली. पालखी कोकणाला नवी नाही. शिमग्यात ग्रामदेवता घरोघर येते ती पालखीतूनच. ज्याला पालखीत बसवले त्याला सापळ्यात धरायला हात धजावत नाही. नमस्कार आणि नोंद यांची अशी सांगड घालण्याची ही रीत रत्नागिरीची स्वतःची आहे.

१८/२२
या कथेला दुसरी बाजूही आहे आणि इतिहास सांगताना ती झाकता येत नाही. घरट्यांचे आकडे वाढले म्हणजे कासवे वाढली, असे लगेच म्हणता येत नाही. अधिक किनाऱ्यांवर अधिक माणसे चालू लागली, की पूर्वी न मोजलेली घरटीही मोजली जातात. अंडे नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते. साधारण ३० अंश सेल्सिअसच्या वर माद्यांचे प्रमाण वाढत जाते. म्हणून हॅचरीची जागा चुकली तर एका पिढीचे गणित बिघडू शकते. जेथे धोका नाही तेथे घरटे मूळ जागीच राहू द्यावे, असे म्हणणे यामुळेच पुढे येते. गर्दी हाही धोकाच. पाहण्याच्या हौसेने आलेला जमाव पाहण्याची वस्तूच तुडवू शकतो.

१९/२२
मोठे कासव पुळणीपेक्षा समुद्रात अधिक मरते. ते हवेत श्वास घेणारे प्राणी. जाळ्यात अडकून पाण्याखाली राहिले की गुदमरते. महागडे जाळे कापून त्याला सोडायचे तर मच्छीमाराचे नुकसान. हे ओळखून २०१८ च्या अखेरीस महाराष्ट्र शासनाने योजना आणली : संरक्षित सागरी प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापावे लागल्यास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. सोडवलेल्या प्राण्याचे छायाचित्र हा त्यासाठी पुरावा. येथे पुन्हा १८६२ ची आठवण व्हावी. तेव्हाही सरकारने पैसे देऊ केले होते, मेलेल्या जिवासाठी. आता ते जिवंत सोडलेल्या जिवासाठी मिळतात. शिवाय ते छायाचित्र म्हणजे खोल समुद्रातून आलेली एक नोंदच असते : कोणता प्राणी सापडला, केव्हा सापडला, कोणत्या जाळ्यात सापडला.

२०/२२
तोवर नोंदवहीने एक मोठा प्रश्न उभा केला होता : अंडी घालून ही मादी जाते कोठे? जानेवारी २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला. तिचे नाव ठेवले ‘प्रथमा’. पाठोपाठ आंजर्ल्याची ‘सावनी’ आणि गुहागरच्या ‘वनश्री’, ‘लक्ष्मी’ व ‘रेवा’. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरहूनच ‘बागेश्री’ आणि ‘गुहा’ निघाल्या. बागेश्रीने श्रीलंकेला वळसा घातला आणि ती बंगालच्या उपसागरात पोहोचली. शास्त्रज्ञांना मादी हवी त्या रात्री, हव्या त्या जागी सापडली, कारण वीस वर्षे तो किनारा चालणारी माणसे तेथे होती. उपग्रहाची सुरुवातही पायी गस्तीपासूनच झाली.

२१/२२
बागेश्री पश्चिमेकडून पूर्वेकडे गेली. पण पूर्वेची मादी पश्चिमेला येऊन अंडी घालते का? दोन्ही किनाऱ्यांवर विणणारी कासवे वेगळी, असा सर्वसाधारण समज होता. मग आली २७ जानेवारी २०२५ ची रात्र आणि ती पट्टी, ०३२३३. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेने ती १८ मार्च २०२१ रोजी ओडिशात गहिरमाथ्याला लावलेली होती. म्हणजे तेथे विणलेली मादी सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास करून गुहागरला आली होती. तिने १२० अंडी घातली, त्यांतून १०७ पिल्ले निघाली. एका कासवावरून सिद्धांत होत नाही. परंतु ‘असे होत नाही’ हे विधान एका कासवानेही मोडते. आता दोन्ही किनाऱ्यांचे संबंध नव्याने अभ्यासावे लागतील.

२२/२२
पट्टीवरचा क्रमांक कोणी पाहिलाच नसता, किंवा पाहून टिपला नसता, तर ती मादी अंडी घालून अंधारात निघून गेली असती आणि तिच्या प्रवासाचा मागमूस उरला नसता. अशा किती माद्या पूर्वी येऊन गेल्या असतील! १८६२ चा रत्नागिरीकर दगडाखालचा साप ओळखत होता. २००२ पूर्वीचा वेळासकर वाळूखालचे अंडे ओळखत होता. त्यांची नजर तीक्ष्णच होती. तिला योग्य प्रश्न मिळाला, लिहायला वही मिळाली आणि लिहिण्याने घर चालू शकते असा भरवसा मिळाला, तेव्हा तिचे विज्ञान झाले. येत्या हंगामात, नोव्हेंबरच्या थंडीत, पहाटेच्या ओहोटीला कोणीतरी पुन्हा पुळणीवर चालू लागेल आणि ताज्या खुणेपाशी थांबून आधी तारीख लिहील.

#धागा_समाप्त